आठ घड्या

उपासना संपली की आधी पंखे बंद होतात.
मग मी आणि अबनेर रणभिसे
वेस्ट्रीतल्या टेबलावर मखमली थैल्या उपड्या करतो.
सोलापूरच्या एप्रिलात पंखा बंद म्हणजे काय, ते सांगत नाही,
पण लावला तर नोटा उडतात.

तीस वर्षं मोजतोय.
गिरणीत होतो तेव्हा चादरी मोजायचो,
डझनाचा गठ्ठा, गठ्ठ्यावर खडूची खूण.
इथं खूण लागत नाही.
करकरीत, पाकिटातली, महिन्याच्या पहिल्या रविवारी:
उजगरे बाईंचा दशांश.
ऑइलचा डाग असला की तिमथी रिक्षावाला.
ओली नाणी शब्बाथशाळेच्या पोरांची,
थैली येईपर्यंत मुठीत घाम गाळलेली.
एकदा बटण निघालं.
अबनेरनं वहीत घेतलं: बटण, पांढरं, नग एक.

आणि दहाची, आठ घड्यांची,
तंबाखूचा वास मारणारी,
ती मार्थाबाई लोंढे.
दिवसभर विड्या वळायची, घडी घालणं तिच्या बोटांतच होतं.
ती नोट उलगडायला नखं लागायची.
अबनेर वैतागून एकदा म्हणाला,
मावशी, चारच घाला की घड्या.
म्हणाली, उघडी टाकायला लाज वाटते बाबा,
किती थोडी ते दिसतं.

मग गिरणी बंद पडली.
भोंगा वाजला नाही, तरी आम्ही उठलो,
डबे भरले, गेटपर्यंत जाऊन आलो.
काही दिवस तेच केलं.
रविवारी इस्त्रीचा सदरा घालून
मी लोकांचे पैसे मोजायचो, पोटात काही नसताना.
एलिझा म्हणायची, मंडळीत गरीब फंड आहे ना?
आहे. त्याची वही माझ्याकडेच होती.
त्यात माझं नाव
माझ्याच अक्षरात कसं लिहू?

एका पहाटे पाणी येणार म्हणून उठलो.
हंडे लावायला दार उघडलं तर
उंबऱ्याशी ज्वारीची पिशवी,
पिशवीत शेंगाचटणीचा पुडा,
पुड्याखाली नोटा. सात.
प्रत्येकीला आठ घड्या.

तेव्हा आठवलं:
गेले सात रविवार तिची नोट थैलीत नव्हती.
अबनेर म्हणालाही होता, मावशी ढिल्या पडल्या हल्ली.
आणि मी, खजिनदार, मान डोलावली होती.

हंडा भरला, वाहायला लागला.
आमच्या गावात पाणी वाहू देणं हे पाप.
मी उठलो नाही.

पुढच्या रविवारी ती तिसऱ्या बाकावर,
डोक्यावर पदर, चष्म्याच्या दांडीला दोरा.
बाहेर पडताना म्हणाली, सलाम.
मी म्हणालो, सलाम.
इतकंच. पुढची अकरा वर्षं इतकंच.
ज्वारी कशी निघाली, तेसुद्धा तिनं विचारलं नाही.
थैलीत मात्र आठ घड्या परत यायला लागल्या
आणि मी त्या अबनेरला उघडू दिल्या नाहीत.

तिच्या मातीला मी होतो. मूठभर टाकली.
बोलायचं होतं, पाळकसाहेबांनी विचारलंही, कोणी साक्ष देणार का?
माझ्या शेजारी कोणीतरी खोकलं.

यंदा हिशेब तपासायला केझिया आली,
अबनेरची नात, सीए करतेय.
गरीब फंडाची जुनी वही उघडून म्हणाली,
काका, या पानावर शाई नवी दिसते.
नवीच आहे. गेल्या आठवड्यात लिहिलं.
जमा: सत्तर रुपये, मार्थाबाई लोंढे, सात रविवारचे.
खर्च: सत्तर रुपये,
आणि पुढं माझं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट.
ज्वारी लिहिलेली नाही. तिचं वजन मी केलं नव्हतं.

याला व्हाउचर काय, काका?

सहा नोटा तेव्हाच खर्चल्या.
सातवी शास्त्राच्या पुठ्ठ्यात होती, ती पुढं केली.
पोरगी नंबर बघायला ती उलगडू लागली.
म्हटलं, थांब.
घड्या मोज.