उणे दोन

फिक्रेता बाईंच्या शाळेत, मोस्तारला,
इतिहासाची पुस्तकं दोन आहेत,
नदीच्या कुठल्या काठावरून आलात त्याप्रमाणे.
भाषेचीही दोन.
गणिताची मुखपृष्ठं तेवढी वेगळी,
मागच्या पानावरची उत्तरं तीच.
म्हणून बाई कधीकधी
वर्गात शिरताना उगीचच खूश असतात.

आज कंस सोडवायचे होते.
फळ्यावर (अ + ब), डोक्यावर बारीकसा २.
जेनानने झटक्यात लिहिलं :
अ वर्ग अधिक ब वर्ग. संपलं.
दर सप्टेंबरला हेच करतो हा पोरगा.
त्याच्या आधी त्याचा बाप करायचा,
याच बाकावर, एवढ्याच आत्मविश्वासाने.

"मधलं पद कुठंय?"
पोरगं गप्प.
बाईंनी एक चौरस आखला.
एका कोपऱ्यात मोठा अ, समोरच्या कोपऱ्यात धाकटा ब,
दोन्ही खडूने भरले,
आणि उरलेल्या दोन पट्ट्या, एक आडवी एक उभी,
काळ्याच ठेवल्या.
"ही जागा कुणाची?
अ म्हणतो माझी नाही, ब म्हणतो माझी नाही.
एकदा अ-ने ब-कडे जायचं, एकदा ब-ने अ-कडे.
म्हणून दोनदा येतं ते.
एकाच बाजूने जाऊन भागत नाही."
खिडकीबाहेर पूल होता.
कुणी पाहिलं नाही. बाईंनीसुद्धा.

जेनान उन्हाळाभर त्या पुलावरून उड्या मारतो.
टोपी फिरवून पर्यटकांच्या नोटा जमल्या की
अंगावर बादलीभर गार पाणी ओततो,
कठड्यापलीकडे उभा राहतो,
आणि हिरव्या नेरेत्वेत,
पाय जुळवून, सरळ.
केस अजून ओले आहेत त्याचे.

तेव्हा त्याच्यासाठीच मांडलं :
उंची बरोबर वीस वजा पाच क्ष वर्ग.
क्ष म्हणजे सेकंद.
(पूल वीसहून थोडा उंचच असेल,
पण अवयव पडायला हवेत.)
"पाण्यापाशी उंची शून्य. पाड."
त्याने पाच बाहेर काढला. आत चार वजा क्ष वर्ग.
मग जीभ दातांत धरून, कसं कोण जाणे,
(२ − क्ष)(२ + क्ष).

"दोन," तो म्हणाला. "दोनच, बाई. मी मोजतो.
पहिला पटकन जातो.
दुसऱ्यात आई आठवते."
वर्ग हसला.
"आणि दुसरं मूळ?"
"उणे दोन. ते खोडायचं असतं. काळ उणा नसतो."
पुस्तकात तसंच लिहिलंय. दोन्ही पुस्तकांत.

बाई आलेख काढू लागल्या.
उजवा उतार सगळ्यांना पाठ : पुलावरून पाण्यात.
हात तिथे थांबायला हवा होता.
तो शिरोबिंदूपाशी परत आला,
आणि अक्ष ओलांडून डावीकडे,
तेच वळण, तेवढंच खोल, पाण्यापर्यंत.
"आता इथून वाचा," त्या म्हणाल्या. "डावीकडून."

डावीकडून वाचलं तर
एक मुलगा नदीतून वर येतो.
चढतो, मंद होत जातो,
आणि शून्याला, पुलाच्या माथ्यावर,
ना वर ना खाली,
नुसता असतो.

"असं कुणी येत नाही, बाई," मागून कुणीतरी.
"नाही येत."

त्यांच्या कपाटात रिफातचा एक फोटो आहे.
धाकटा भाऊ.
त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात पूल पाण्यात गेला,
त्याच्या आधीच्या कुठल्यातरी जुलैतला.
फोटोत पूल आलेला नाही, पाणी आलेलं नाही.
नुसतं आभाळ, आणि हात पसरलेला पोरगा.
पडतोय की चढतोय,
फोटोवरून सांगता येत नाही.
तीस वर्षं त्या उजवीकडूनच बघत आल्या.

"खोडू का?" जेनानने विचारलं.
"खोड. पण एकच रेघ मार.
खालचं वाचता आलं पाहिजे."

त्याने रेघ मारली.
केसांतला एक थेंब वहीवर पडला, शाई थोडी फुटली.
घंटा झाली.
घरी : पान चौतीस, सम क्रमांकांची उदाहरणं.
आणि ते मधलं पद, दहा वेळा.