विनंती थांबा

आमच्या खात्यात सहा किलोमीटरचा एक टप्पा.
घाटंजी ते मांडवखेड पाच टप्पे,
कागदावर पन्नास मिनिटं.
बाजाराच्या दिवशी दीड तास धरा,
कारण कोंबड्या चढतात, खुरपी चढतात,
आणि इस्तारी मडावी दर खेपेला
सुटे नाहीत म्हणून दारातच अडून राहतो.

दीपमालाचा फोन दुपारच्या खेपेत आला.
"दादा, ट्रेनिंग संपलं. आज रातच्या विमानानं
दिल्लीहून चेन्नईले चालली मी.
सतराशे साठ किलोमीटर, पावणेतीन तास.
मोबाईलवर रेघ पायली, आपल्या गावावरूनच जाते.
साडेनवाले वर पाह्यजा."

तिकिटाच्या पाठीवर मी हिशेब केला:
दोनशे त्र्याण्णव टप्पे, वर दोन किलोमीटर.
त्या दोनाचाही आम्ही अख्खा टप्पा धरतो.
तेवढ्या वेळात माझी गाडी
घाटंजी-मांडवखेड तीनदा करते,
टायरनं साथ दिली तर.

माय चुलीपाशी होती.
"थांबत नाही काय थे इथं?"
"नाही व माय, नागपूरलेही नाही थांबत."
"हात दाखवला तरी?"

गावच्या फाट्याला पाटी आहे, विनंती थांबा.
कोणी हात केला तर गाडी थांबते,
नाही तर निंबाखालच्या माणसाला धूळ देऊन जाते.
एक बेल थांबायची, डबल बेल निघायची.
बावीस वर्षं झाली, एवढंच येतं मला.

रात्री घरकुलाच्या स्लॅबवर चढलो,
मी, शेजारची पोरं, आणि इस्तारी,
हातात रानडुकरं हाकलायची बॅटरी घेऊन.
माय नाही आली. तव्यावर भाकर होती.

नऊ सव्वीसला एक गेलं. नऊ एकतीसला एक.
नऊ छत्तीसला एक, पण उलट्या दिशेनं.
इस्तारीनं तिघांनाही बॅटरी मारली.
लाल ठिपका टेकडीमागून निघायचा,
टॉवरवरून जायचा, तलावापलीकडे विझायचा.
आवाज मागाहून यायचा, रिकामा,
सगळे उतरल्यावर गाडी वाजते तसा.

खाली उतरलो तर माय म्हणते,
"गेली काय? माही भाकर
एकाच अंगानं भाजून झाली."

सकाळी पुन्हा फोन.
"दादा, मले मधली सीट भेटली.
खिडकीतल्या माणसानं झाकण पाडलं अन् झोपला.
आपलं गाव कधी गेलं, समजलंच नाही."

हे मी मायला सांगितलं नाही.
ती आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते,
चेन्नई काही लंब नाही,
अर्ध्या भाकरीत पोरगी गावावरून जाते.
"मंग येत काहून नाही व?" इस्तारी विचारतो.
माय पिठात पाणी घालते, जरा जास्तच.

आज पहिल्या खेपेला फाट्यावर कोणी नव्हतं.
निंबाखाली एक शेळी, तीही बसलेली.
मी एक बेल दिली. गाडी थांबली.
ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, "कोण चढते?"

थोडा वेळ दार उघडं ठेवलं.
मग डबल बेल.