साडेचारशे रुपयांत चीन

लक्ष्मीपुरीत संध्याकाळी सहाला जमायचं होतं.
पाणी आपापलं, चप्पल चालायची.
मी दोन गल्ल्या पलीकडचा, तरी साडेचारशे भरलेले:
मुलीनं पुण्यातून परस्पर नाव घातलं होतं.
"बाबा, घरात बसून राहू नका."

आम्ही सहा जण. पुढे धैर्यशील चौगुले,
मिटलेली लाल छत्री अब्दागिरीसारखी उंच धरून.
बेळगावचं जोडपं, इचलकरंजीचे हत्तरकी बंधू,
आणि एक मुलगी, जी ताट आलं की ताटाचा फोटो काढी,
ताट नसलं की माझा.

"ही आपली चिनी गल्ली," धैर्यशील म्हणाला.
"इथं आता चिनी कुणी नाही. एक सोडून."
आणि ते एक खिशात राखून ठेवल्यासारखा हसला.

न्यू शांघाय: चार चाकं, एक सिलिंडर.
कढईतून जाळ उठला तसे आम्ही मागे सरलो.
आचारी गगनबावड्याचा. शांघाय कुठंशी आलं, विचारलं
तर झाऱ्यानं दाखवून म्हणाला, "हितनं फुडं."
शेजवान चटणीला कांदा-लसूण मसाल्याचा वास.
गाडीवरचा ड्रॅगन तालमीच्या पाट्या रंगवणाऱ्यानं काढलेला,
मिशा पैलवानाच्या, मान जाड,
आग ओकण्याआधी शड्डू ठोकेल असा.

पुढे सूप. पुढे मोमो.
मोमो चीनचे नव्हेत, हे धैर्यशीलनं प्रामाणिकपणे सांगितलं.
थोरल्या हत्तरकींनी विचारलं, मग चीनचं काय?
त्यानं छत्री उघडली, मिटली. "येतंय की."

मग ती पाटी. निळ्यावर पांढरं: चिनी दंतवैद्य.
खालचं नाव उन्हानं खाल्लेलं.
काचेच्या कपाटात एक कवळी, कुणी न्यायला न आलेली.
माझी जीभ आपोआप गेली
खालच्या दाढेच्या रिकाम्या जागी.
अडुसष्ट साल.

"या की. उभं का?"
पंच्याहत्तरीची, गुडघा धरून चालणारी.
नाव मेइलान. शाळेत मास्तरांनी मालन लिहिलं,
तेच रेशनकार्डावर, तेच भिशीच्या वहीत.
धैर्यशील सुरू झाला: रेशीम, जहाज, कलकत्ता...
"गप रं. मी कवा गेलो कलकत्त्याला?"
गेलो म्हणाली, इथल्या बायका म्हणतात तसं.

लसूण सोलता सोलता तिनंच सांगितलं.
बासष्टनंतर वडील दर सोमवारी
ठाण्यात सही करायला जायचे.
एका सोमवारी फौजदाराचीच दाढ ठणकत होती.
"सही ऱ्हाऊ द्या म्हणाला, आदी हे बघा.
बघितली. काढली.
मग सहीबी घेतली."
आम्ही हसलो.
तिनं पुढची पाकळी सोलली.

वाट्या आल्या. पातळ, पांढुरकं,
मटणाच्या पाण्यात आलं, मिरी,
आणि वर तरंगणारं एक अख्खं बाद्यान.
"हा पांढरा रस्सा, की सूप?" बेळगावच्या बाईंनी विचारलं.
"गार व्हायच्या आत ठरवा," मालन म्हणाली.
कुणीच ठरवलं नाही. वाट्या मात्र परत भरल्या.

सगळे पायरी उतरले तरी मी मागे राहिलो.
सांगायचं फार होतं, निघालं एवढंच:
"तुमच्या वडिलांच्या बोटाला मी चावलो होतो."
"लई जनं चावायची," ती म्हणाली.
चष्मा पदरानं पुसला. "आ कर."

केला. बल्बखाली तिनं माझी हनुवटी धरली,
बोटांना लसणाचा वास.
"त्यांनी काढली ती जागा झ्याक हाय.
शेजारची हलतीय."

बाहेर धैर्यशील छत्री उंच करून मोजत होता.
पाच. परत पाच.
"सहावे कुठं गेले? काका, ओ काका!"

तोंड उघडं असताना ओ देता येत नाही.