दुरुस्तीचा रकाना

कारखान्यात वीज नव्हती.
पंड्याभाई म्हणाले, तीनला येईल बेन, चारही वाजतील,
तोवर कमाटीबाग बघून घ्या,
सगळे बघतात.

अशी मी बडोद्यात पर्यटक झाले,
मंगळवारी, भर दुपारी, पायात सेफ्टी शूज,
खांद्यावर प्रमाणित वजनांची पेटी:
एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत, मखमलीत झोपलेली,
जिला मी हॉटेलातसुद्धा एकटं सोडत नाही.
गेटवरच्याने विचारलं, आत काय?
वजनं.
तो हसला. त्याला वाटलं, डबा असेल.

फुलांच्या घड्याळाशी माझं घड्याळ ताडून पाहिलं.
सवय, दुसरं काय.
चार मिनिटं मागे.
एक माळी तबकडीत वाकून सातच्या आकड्याची पानं कातरत होता,
मोठा काटा पाठीला टेकायच्या आत
न बघताच बाजूला सरकला.

नदीकाठी पाटी होती गुजरातीत.
अक्षरं ओळखीची, फक्त डोक्यावरचा पदर घसरलेला.
म, ग, र –
वाचता आलं आणि दोन पावलं मागे आले.
पाणी हिरवं, जाड,
मगर काही दिसली नाही.
दिसली नाही म्हणजे नाही असं
आमच्या धंद्यात लिहीत नाहीत.

म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा.
खाली डभोईच्या शाळेची सहल, दोन-दोनच्या जोड्या,
एक मुलगा बरगड्या मोजताना सारखा चुकत होता
आणि पुन्हा पहिलीपासून सुरू करत होता.
मी त्याचं वजन शोधत राहिले, माशाचं.
कशावर ठेवला असेल याला, कुणी,
आणि काटा स्थिर व्हायला किती वेळ लागला असेल.

मग वडाखाली तो दिसला.
स्टूल, छत्री, पुढ्यात गोल तबकडीचा काटा,
खडूने लिहिलेलं: वजन ५ रु.
अकरा वर्षं मी काटे तपासते.
हलवाई समोरच्या दुकानातलं पेढे खातो का?
मी चढले.

माझं वजन मला ठाऊक असतं.
रोज सकाळी लॅबच्या प्लॅटफॉर्मवर पहिलं वजन माझंच,
यंत्र जागं आहे ना बघायला.
मागच्या मार्गशीर्षात आई गेली तेव्हा
एकसष्टवरून सत्तावन्नवर आले होते,
रजिस्टरात आकडा आहे, कारणाचा रकाना नाही.
आता पुन्हा एकसष्ट.

काटा एकोणसाठवर थांबला.
तो म्हणाला, एकसष्ट.

मी खाली बघितलं, त्याच्याकडे बघितलं.
एकोणसाठ दाखवतोय, मराठीतच बोलून गेले.
तोही मराठीतच,
जरा गुजरातीचा हेल असलेल्या, घरात जपलेल्या मराठीत:
दाखवू दे की. म्हातारा झाला तो, दोन खातो.
चाळीसच्या खाली एकच. लेकरांना बरोबर दाखवतो.
त्याचं तो म्हणतो, माझं मी म्हणतो.

दत्ताजी फणसे. आजोबा राजवाड्यातल्या पागेत होते,
स्वतः बिस्किटाच्या कंपनीत, ती बंद पडली.
दुरुस्त का नाही करून घेत?
स्प्रिंग बदलली तर, म्हणाले,
नव्याची खोड पुन्हा शिकायची,
आता या वयात.

पेटी खांद्यावर होती. उघडली नाही.
दोन किलोत काय सिद्ध होणार,
आणि झालं असतं तरी
मी जो कागद देते सही-शिक्क्यानिशी, हजारो रुपयांना,
त्यात तरी दुसरं काय असतं?
एवढ्याला एवढं चुकतं, तेवढं मिळवून वाचा.

तेवढ्यात एक बाई आली, कडेवर पोर, बारीक,
डोळे तेवढे मोठे.
पोराने काट्यावर उभं राहायला नकार दिला.
दत्ताजींनी आधी बाईला एकटीला चढवलं, मग पोरासकट,
वर बघत ओठ हलवले, वजाबाकी केली,
दोन्हीकडची दोन-दोन धरून.
नव किलो, म्हणाले. गेल्या वखतपेक्षा पाव जास्त.
बाई पाव ऐकून हसली.
त्या तबकडीवर पाव किलोची रेघ नव्हती.
मी नीट बघितलं होतं.

चार वाजता वीज आली.
सात काटे तपासले, सहा पास.
रात्री बसमध्ये खर्चाचा फॉर्म भरला:
रिक्षा, जेवण, चहा,
वजन, रु. ५. पावती नाही.