शेवटचे दोन आकडे

एकतीस वर्षं मी मुंबई हातानं वाटली,
मिरजेच्या आरएमएसमध्ये, रात्रपाळीला.
लाकडी खण, प्रत्येकावर रंगानं काढलेला आकडा.
अख्खा पत्ता कोण वाचतो?
शेवटचे दोन आकडे बघायचे नि भिरकवायचं.
तीन, मांडवी. एकोणीस, माटुंगा. दहा, माझगाव.
झोपेतसुद्धा माझं मनगट
माझगावकडं वळायचं, असं बायको सांगते.

रिटायर झाल्यावर म्हटलं, एकदा
खणात उतरून बघू.

डोंगरीच्या लॉजवर पिशवी टाकली.
मालक म्हणाला, फिरायला? काय काय बघणार?
म्हटलं, तीन, एकोणीस नि दहा.
त्यानं किल्ली दिली, पुढं काही विचारलं नाही.

मांडवीत मला आधी हिंगानं गाठलं.
ओळखला मी तो.
व्यापाऱ्यांची पोस्टकार्डं असाच वास घेऊन यायची,
हात धुतले तरी सकाळच्या भाकरीला लागायचा.
गाडीवर उभ्याउभ्या मूगभजी खाल्ली,
शेजारी एक हमाल मिरचीच्या पोत्याला टेकून
शिंकत होता, आणि शिंकता शिंकता
कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता.

माटुंग्यात रांग. इडलीला रांग!
एकाच टेबलावर अनोळखी तिघं आणि मी,
वाढप्यानं न विचारता रसम ओतलं,
नाकातोंडातून पाणी.
कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात,
गार होईस्तोवर मी खेळत बसलो;
उठा आता, असं तो नुसत्या डोळ्यांनी म्हणाला.

दहाला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.
माथारपाखाडी. बाहेरून चढणारे लाकडी जिने,
क्रूसाला झेंडूची माळ.
मोबाइल काढला, तोच ओट्यावरची बाई म्हणाली,
"माझ्या वाळतीचा नको काढू फोटो."

फिलोमिना मिस्किटा. मांडीवर सूप, सुपात मिरच्या,
देठं खुडता खुडता बोलणारी.
मी फोन खिशात घातला. लाजच वाटली,
लोकांच्या दारात बघे म्हणून उभं राहायची.

"कुठला तू?"
"मिरजेचा."
"तिथं काय आहे बघण्यासारखं?"
"सतारी करतात. गल्लीच आहे त्यांची."
"बघितल्यास?"
"जाता-येता," म्हटलं. "बाहेरून."
ती आत गेली.
बशीत गोल तळलेले फुगे घेऊन आली,
सोबत लालभडक रस्सा. कसला, ते मी विचारलं नाही.
एकादशी होती,
हे मला बशी पुसून झाल्यावर आठवलं.

यांचा मसाला बाटलीतला असतो.
बिअरच्या तपकिरी बाटलीत
काठीनं ठोकून ठोकून भरायचा,
हवा राहिली की किडा पडलाच.
यंदाचा अजून कुटायचा होता.
"मे महिन्यात पाठवते. पत्ता लिही."

लिहिला. जन्मभर दुसऱ्यांचे वाचले,
स्वतःचा लिहिताना अक्षर वाकडं आलं.
तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
मसाल्याचं बोट कागदावरून सरकवत
शेवटाला आली.
"तुझापण दहाच की रे!"
आणि कागद सुपाखाली सारला.

आता जून लागला. बाटली आलेली नाही.
रागबिग नाही माझा.
कुणीतरी भिरकावली असेल चुकीच्या खणात,
रात्रपाळीला, झोपेत.