पाठचा भाऊ

दर तीन महिन्यांनी क्राइन माझ्या स्वयंपाकघरात येतो,
सदरा काढून खुर्चीवर टाकतो
आणि माझ्याकडे पाठ करून बसतो.
बाहेर नॉर्डवाइकचा खारा वारा,
ट्युलिपच्या वाफ्यांवर प्लास्टिक फडफडतंय.

मी दिवा जवळ ओढते. पट्टी, वही, मागच्या वेळचे फोटो.
तो माझ्या पाठचा. त्याची पाठ मला पाठ आहे :
डाव्या खांद्याखाली तिघे,
कण्याच्या कडेने एक लांबुडका,
आणि कमरेशी तो, जो आईला बेदाणा वाटायचा.

एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात.
आम्ही बरोब्बर सात भावंडं.
बाबांनी वाटला, त्यांना न कळता :
चौघांना आला, तिघांना नाही.
वाटणीपत्र लाइडनच्या दवाखान्यात उघडलं,
चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळं म्हणजे बायका,
काळे भरलेले मागे मागे जात
चर्चच्या वहीतल्या एका मासेमाऱ्याशी थांबले.
त्याच्या नावापुढे पाद्र्याने एवढंच लिहिलेलं :
पाठीच्या व्रणाने.

बाबा जूनमध्ये उघड्या अंगाने कंद काढायचे.
आम्ही वर्षानुवर्षं उन्हाला बोल लावला.
ऊन दोषी होतंच म्हणा.
पण तेच ऊन शेजारच्या टॉयनिसच्या पाठीवरही पडायचं
आणि तो नव्वदीतही सायकलवर.

डॉक्टर म्हणाल्या, हे भाकीत नाही, शक्यता आहे.
क्राइनने विचारलं, हवामान खात्यासारखी?
हो, त्या म्हणाल्या,
फक्त छत्री रोज घ्यायची.

माझं पाकीट मी नऊ दिवस बिस्किटांच्या डब्याखाली ठेवलं.
आत होतं : आढळला नाही.
क्राइनचं त्याच आठवड्यात आलं होतं.
"तुला बाबांचं नाक," तो म्हणाला, "मला उरलेलं."
तो हसला. मला धड हसताही येईना.
तेव्हापासून मी मोजते.

आज सगळे जागच्या जागी.
बेदाणा चार मिलिमीटर, होता तेवढाच.
मी तारीख लिहिते.
क्राइन सदरा घालतो, पण उठत नाही.
दाराकडे बघून म्हणतो, "ये."

सँडर. मागच्या मंगळवारी बारा पूर्ण.
त्याचं पाकीट अजून कुणी मागवलेलं नाही,
अठरानंतर तो ठरवेल.
टी-शर्ट डोक्यावरून काढताना केस विस्कटतात.
वहीत मी नवं पान उघडते, नाव घालते.
पाठ म्हणजे कोरी पाटी.
जवळजवळ.

"आत्या," तो अंग चोरत म्हणतो,
"पट्टी गार आहे."