रकाना सातवा

लिफाफे तीन आले. सरपंचबाई म्हणाल्या, फोडा बोडेकर,
आणि मी पंचायतीची कातर शोधू लागलो
जी नेहमीप्रमाणे अंगणवाडीत होती.

केळंबी नदी, लांबी साडेचौदा किलोमीटर,
उगम सड्यावर, शेवट खाडीत.
जाहिरात मीच टाइप केली होती:
'पाणलोट क्षेत्र पूर्ववत करणेकामी
पर्यावरण सल्लागार नेमणे आहे.'
पूर्ववत हा शब्द तालुक्याच्या नमुन्यात होता,
तसाच उचलला.
खाली काय आहे ते बघितलं नाही.
कुर्ल्या नको असतील तर
दगड कोण उलटतो?

पहिला लिफाफा पुण्याचा. गुळगुळीत कागद,
वर एका नदीचा फोटो, आमच्या नव्हे;
काठाला त्रिकोणी झाडं, मागे बर्फ.
दुसरा ठाण्याचा. ड्रोन दोन, पोकलेन चार,
गाळ घनमीटरच्या दराने,
सगळं इतकं नीट की
विश्राम शिवगण खुर्चीत सरळ बसले.
तिसऱ्यात हाताने लिहिलेली चार पानं.
शाल्मली नेवरेकर, देवरूख.
बयाणा भरलेला, उलाढालीचा दाखला नाही,
आणि कार्यपद्धतीच्या सातव्या रकान्यात
तिने उलट आम्हालाच विचारलेलं:
पूर्ववत म्हणजे कोणत्या सालासारखी?

हसले सगळे. मग चहा आला
आणि हसू चहात बुडून गेलं.

रुकय्या परकार म्हणाल्या, पुलाखाली
गुडघाभर पाण्यात पाटी भरून मुळे मिळायचे
त्या सालासारखी. कुठलं साल?
धाकटा पोटात होता. तो आता कुवेतला आहे.
धाकू गोताड म्हणाला, कोंडीत
बांबू उभा घातला तर बुडायचा.
साल त्याला माहीत नाही, बैलांची नावं माहीत आहेत.
सरपंचबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या,
लग्न होऊन आले तेव्हा साकवावरून आले,
मे महिना होता,
आणि खाली पाणी वाजत होतं.

शिवगण म्हणाले, गेल्या सालासारखी केली तर काय वाईट?
त्यांच्या चपलांना चिरेखाणीची लाल माती होती,
सड्यावरची,
जी दर पावसात खाली येऊन
कोंडीत बसते आणि मग उठत नाही.
चपलांकडे कोणी पाहिलं नाही.
मी पाहिलं. पण मी कर्मचारी.

मला कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं की दिवाळी सरली की
पाच वाड्यांची माणसं पाळीने उतरायची,
दगड, माती, पेंढा, आईनाच्या डहाळ्या,
बंधारा घालायचा, जूनमध्ये वाहून जाऊ द्यायचा.
बाबा एकदा भांडून घरी आले होते,
कुणाची तरी पाळी चुकली म्हणून.
मग पंप आले. भांडण मिटलं.

तांत्रिक गुण सत्तर, दराचे तीस.
नेवरेकर अपात्र. नियम तसा आहे,
आणि नियम मलाच वाचून दाखवावा लागतो.
अपात्रतेचं पत्र मी दोनदा टाइप केलं,
पहिल्यात 'खेद' राहिला होता.

ठाण्याच्या नेमणूकपत्रात सहा अटी होत्या.
सातवी मी घातली, तिच्याच शब्दांत,
शेवटी प्रश्नचिन्ह ठेवून.
बाई सही करताना थांबल्या,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
शिवगण बाहेर फोनवर होते तेवढ्यात
सही केली.

काल ठाण्याहून विचारणा झाली.
मुलगा तरुण असावा, आवाज अदबीचा:
साहेब, ही सात नंबरची अट समजली नाही,
साल कळवलंत तर अहवालात टाकू.

म्हटलं, या तुम्ही. सड्यावरून खाली चालत,
पाच तास लागतील,
भेटेल त्याला विचारत या.
आणि पाण्याच्या दोन बाटल्या घ्या बरोबर.
वाटेत आता कुठे मिळत नाही.